एकादशीची वही : आमच्या घरच्या हिशोबाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार. तुकाराम बीज

रात्रीचे अकरा वाजलेत. देहूहून येऊन तीन तास झाले, पण झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

दुपारी बाराला नांदुरकीच्या झाडाखाली फुलं उधळली गेली. आबांनी (माझ्या सासऱ्यांनी) डोळे मिटून हात जोडले, आणि त्याच क्षणी यांच्या खिशातला फोन थरथरायला लागला. हे गर्दीतून बाजूला झाले. मी मागोमाग गेले. "भरतो साहेब, उद्या सोमवारी भरतो," असं हळू आवाजात चाललं होतं. काय भरायचं होतं, किती भरायचं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली.

संध्याकाळी इंद्रायणीच्या घाटावर टेकलो. कीर्तनात महाराजांनी खतपत्रांची, म्हणजे कर्जाच्या कागदांची, कथा लावली होती. दुष्काळ पडला, दुकान बसलं, घरातली माणसं गेली, आणि पुढे तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खतं याच नदीत सोडून दिली. थोरलीने आबांना सहज विचारलं, "आबा, आपले पण कागद असे सोडता येतात का?"

आबा म्हणाले, "बाळ, त्यांचं येणं होतं. येणं सोडलं तर ते वैराग्य. आपलं देणं आहे, देणं सोडलं तर ती बुडवेगिरी." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि अजून एक ऐक. सगळी खतं नव्हती बुडवली त्यांनी. आधी निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. स्वतःच्या वाट्याची तेवढीच नदीत टाकली."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. निम्म्या खतांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याचं आपण परस्पर ठरवायचं नाही, एवढा विचार त्यांनी नदीकाठी उभं राहूनसुद्धा केला.

घरी आल्यावर मुलं झोपली आणि मी यांना विचारलं. यांनी पाकिटाच्या मागच्या कप्प्यातून क्रेडिट कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. दोन वर्षं वापरतायत. मला राग आला, रडूही आलं. मग कपाटातली माझी डायरी काढून यांच्यापुढे टाकली. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत मी महिन्याला हजार रुपये भरते, यांना न सांगता. दोघंही एकमेकांच्या वाट्याचं परस्पर ठरवत होतो.

१८ मार्च, मंगळवार

थोरलीची दहावीची परीक्षा कालच संपली. तिच्या प्रयोगवहीत बरीच कोरी पानं उरली होती. तिने पहिल्या पानावर "प्रकल्प" लिहिलं आणि खाली उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण असे मथळे घातले. तिला खोलीबाहेर काढावं असं आधी वाटलं, मग नाही काढलं. आजपासून ही वही सगळ्यांची.

देणं असं निघालं :

खाजगी बँकेचं वैयक्तिक कर्ज. २०२३ साली सासूबाईंच्या आजारपणात ३ लाख काढलं, १६ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी. हप्ता ७,२९५. बाकी २,०७,५००. ते रुग्णालय सरकारी योजनेत बसत नव्हतं आणि तेव्हा दुसरीकडे न्यायचं सुचलं नाही, वेळही नव्हता.

क्रेडिट कार्ड ७४,३००.

माझ्या पाटल्यांवरचं सोनेतारण ९२,०००. दर मार्चला व्याज भरून नवं-जुनं करतो, मुद्दल जागच्या जागी.

बचत गटाचे १२,०००, शेकडा दोनने. यांच्या फोनचे पाच हप्ते, म्हणजे ९,१६५. दादाकडून (माझ्या भावाकडून) हातउसने २५,०००.

बेरीज ४,१९,९६५. थोरलीने ती दोनदा केली, मी एकदा केली. आकडा तोच.

येणं असं : यांचा हातात पडणारा पगार ३४,२००. माझ्या शिवणाचे सहा ते नऊ हजार, लग्नसराईत जास्त. आबांची साखर कारखान्याची पेन्शन १,८७० आहे, ती आम्ही हिशोबात धरत नाही, ते त्यांचे पैसे. हप्ते आणि व्याज मिळून १६,००० जातात, भाडं ८,५००. उरलेल्या सतरा हजारांत पाच माणसं. कमी पडलं की कार्ड, असं चाललं होतं.

कार्डाचा एकच महिना आज नीट वाचला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ७४,३०० वर २,६०० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ४६८. "किमान देय रक्कम" ३,७१५. म्हणजे हे दर महिन्याला ओढूनताणून ३,७१५ भरतात, त्यातले ३,०६८ व्याजात आणि करात जातात, मुद्दल हलतं फक्त ६४७ रुपयांनी. मी एक ब्लाऊज ३५० ला शिवते. पावणेनऊ ब्लाऊज व्याजाला, दोनसुद्धा पुरते मुद्दलाला नाहीत. हे कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. "मला वाटायचं मी फेडतोय," म्हणाले.

मी कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. चिपवरून कात्री घसरत होती, दोनदा जोर लावावा लागला.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी उतरवल्यावर सगळे जमिनीवर बसलो. आबांनी आधी हरिपाठ घेतला आणि मग म्हणाले, आपल्याला नियम लागतील, पण ते माझे नकोत, तुझेही नकोत. तुकोबांचाच एक चरण धरू :

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें ।
उदास विचारें वेच करी ॥

धाकट्याने विचारलं, "उदास म्हणजे रडवेलं होऊन खर्च करायचा?" आबांनी त्याला जवळ घेतलं. उदास म्हणजे दुःखी नाही, अडकून न पडलेला. वस्तू घेतली तरी चालेल, नाही घेतली तरी चालेल, असं ज्याचं मन झालंय तो उदास. हे ऐकून मला माझ्या पाटल्या आठवल्या. कुणाला बोलले नाही.

ठरलं ते असं. प्रत्येक एकादशीला हरिपाठानंतर वही उघडायची. पंधरा दिवसांची गाठ आपोआप पडते, तारीख ठरवावी लागत नाही. वही उघडली की कुणी कुणावर आवाज चढवायचा नाही. ५०० च्या वरचा कुठलाही खर्च दोघांनी विचारून. पगाराच्या दिवशी पहिलं पाकीट विठोबाचं, ५०० रुपयांचं, जसं नैवेद्याचं पान आधी वाढतात तसं. त्यावर यांचा आक्षेप होता : कर्ज असताना दान कशाला? आबा म्हणाले, उसन्या पैशाचं दान नकोच, पण घामाच्या पैशातलं थोडं बाजूला काढलं नाही तर हात आखडायची सवय लागते. हे कबूल झाले. आणि मग आबांनी स्वतःच नियम घातला : कर्ज काढून देवधर्म करायचा नाही. तो नियम आठच दिवसांत त्यांच्याच अंगावर येणार आहे, हे त्यांना तेव्हाही माहीत असणार.

भाजी, दूध, किराणा, पेट्रोल यांसाठी लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं केली. त्यात रोख घालायची. फोनवरून पैसे गेले की गेल्याचं जाणवत नाही. पाकीट पातळ झालं की बोटांना कळतं.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी

गावाकडे हनुमान जयंतीला सप्ताहाची सांगता असते. आबांनी गेल्या वर्षी मारुतीच्या पारावर शब्द दिला होता : पुढच्या वर्षी एक पंगत माझी. २१,००० रुपये. मागच्या वेळी अशीच देणगी दिली ती कार्डावरून गेली होती, हे आम्हाला मार्चमध्ये कळलं. आबांना तर ते त्याहूनही उशिरा कळलं. यांनी वडिलांना "नाही" म्हणायचं टाळलं होतं, एवढंच.

आज वही उघडली तर आबांनी आधीच पान लिहून ठेवलेलं. थरथरत्या अक्षरात : "पंगत २१,०००. नाही." ते परवा गावाला जाणार आहेत. पारावर उभं राहून सांगणार आहेत की या वर्षी जमत नाही, पेन्शनीतले २,१०० देतो आणि राहिलेल्या दिवसांची पंगत वाढायला उभा राहतो. हे म्हणाले, "आबा, मी फोन करून सांगतो ना, तुम्ही कशाला?" आबा म्हणाले, "शब्द मी दिला. परत मीच घेणार." बहात्तर वर्षांचा माणूस, गावात मान आहे. रात्री मी त्यांच्या धोतराला इस्त्री केली तेव्हा माझेच डोळे भरून येत होते.

दुसरी गोष्ट आजच लक्षात आली. थोरलीने किराण्याचं पाकीट तपासलं. साध्या दिवशी आमच्या पाच जणांच्या जेवणाला साधारण १८० रुपये लागतात. मागच्या एकादशीचा खर्च निघाला ३४०. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाट्याचा कीस, केळी, वेफर्सचं पाकीट. "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे आपण बोलतो, आमच्याकडे ते जवळजवळ दुपटीने वहीत लिहून आलं. आबांनी यापुढे सकाळी नुसता चहा आणि रात्री भगर-आमटी असं ठरवलं. मुलांना उपास सक्तीचा नाही, ती भाकरी खातील. वाचलेले पैसे विठोबाच्या पाकिटात.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी

आबा गावाहून आलेत. पारावर काय झालं ते त्यांनी दोनच वाक्यांत सांगितलं. ते बोलल्यावर थोडा वेळ शांतता होती. मग दुसऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी सरकून जागा केली. बाकी आबा बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

परवा सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा गाठला. बातम्यांत तेच. मला रात्रभर एकच विचार.

२ मे, शुक्रवार

पाटल्या मोडल्या.

माझ्या आईच्या होत्या. तिने त्या मला लग्नात स्वतःच्या हातातून काढून घातल्या, साबण लावून, कारण निघत नव्हत्या. गेली तीन वर्षं त्या बँकेच्या तिजोरीत होत्या. मी वर्षाला अकरा हजार व्याज भरत होते, कशासाठी तर त्या माझ्या आहेत असं म्हणता यावं म्हणून. घालता येत नव्हत्या, बघताही येत नव्हत्या.

अक्षय तृतीयेला घरातलं सोनं बाहेर काढू नये असं आबा म्हणाले, काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून आज. गहाण डाग (दागिना) सोडवायला आधी रोख लागते. दादाला फोन केला. त्याचेच २५,००० आमच्याकडे असताना अजून मागायचे म्हणजे जीभ रेटत नव्हती. तो स्वतः आला, ९२,९५० बँकेत भरले, पाटल्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "एकदा घाल तरी." बँकेच्या बाकावर बसून घातल्या. आता सैल होतात. पाच मिनिटं घातल्या असतील.

सराफाकडे काट्यावर २०.३ ग्रॅम भरल्या. त्याने काळ्या दगडावर घासून बघितलं, मग टंच (सोन्याची शुद्धता) काढायला मशीनमध्ये ठेवलं, नंतर वितळवल्यावर १९.८ ग्रॅम हाती आलं. ते अर्धा ग्रॅम कुठे गेलं ते मी विचारलं. त्याने डाखाची (सांध्याची) जागा, झीज, मळ सगळं समजावून सांगितलं. मुशीत सोनं पातळ झालं तेव्हा पाटल्यांवरची नक्षी आधी बसली, मग कडा गेल्या, मग नुसता एक थेंब राहिला. मी बघत राहिले. बघायचंच होतं.

८,७०० च्या भावाने १,७२,२६० झाले. दादाचे आजचे ९२,९५० तिथेच परत केले. उरले ७९,३१०. तिथून थेट कार्डाची पूर्ण बाकी ७३,१८० भरली, आणि खातं बंद करायचा अर्ज देऊन पोच घेतली. ६,१३० उरले. त्याचं नवं पाकीट : "अडीनडी".

दोन देणी एका दिवसात गेली. महिन्याचे साडेचार हजार मोकळे झाले. रात्री कढी-भात केला, हात नुसतेच होते पण कामाला हलके वाटले.

२३ मे, शुक्रवार. एकादशी

दहावीचा निकाल १३ तारखेला लागला, थोरलीला ८४ टक्के. अकरावीला या वर्षीपासून राज्यभर ऑनलाइन प्रवेश आहे, अर्ज तिने स्वतः भरला. क्लासवाल्यांचे फोन येतायत, दोन वर्षांचे लाख-सव्वा लाख, "हप्त्याने भरा". तिने वही समोर धरून सांगितलं, हप्ता नको. बारावीला फक्त गणिताची शिकवणी लावू असं ठरलंय. ती मनातून खट्टू आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचंय.

बँकेत यांचे आणि माझे दोन्ही सरकारी विमे चालू केले. जीवन ज्योती वर्षाला ४३६, सुरक्षा २० रुपये, प्रत्येकी दोन-दोन लाखांचं संरक्षण. खात्यात पैसे ठेवले पाहिजेत, मेअखेर आपोआप कापतात. आबा सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायला आधार घेऊन जायचंय. सासूबाईंच्या वेळची चूक पुन्हा नको.

२० जून, शुक्रवार

माऊलींच्या पालखीचं काल आळंदीत प्रस्थान झालं, आज सकाळी ती दिघीवरून पुण्याकडे गेली. आमचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. दर वर्षी आम्ही बिस्किटं आणि राजगिऱ्याचे लाडू वाटतो, गेल्या वर्षी साडेआठ हजार गेले होते, कार्डावरून. या वर्षी विठोबाच्या पाकिटात १,७४० होते.

कल्पना धाकट्याची. माझं शिलाई मशीन आम्ही दोघा-तिघांनी उचलून पहाटे पाचला फुटपाथवर मांडलं. खडूने पाटी : "वारकऱ्यांच्या पिशव्या, कपडे मोफत शिवून मिळतील." दोन तास कुणी फिरकलं नाही. मग एक आजीबाई आल्या, बोचक्याचा बंद तुटला होता. तो शिवला, आणि मग रांग लागली. दप्तराचे पट्टे, चेन बिघडलेल्या पिशव्या, उसवलेले सदरे, एका टाळकऱ्याची टाळ ठेवायची पिशवी. ताडपत्रीला साधी सुई चालत नाही, अठरा नंबरची लावली, तरी तीन सुया मोडल्या. हे रेनकोटांना चिकटपट्टी लावत होते. आबा दिंडीबरोबर पुढे गेले, जाताना मशीनला हात लावून नमस्कार केला.

दुपारी दोनपर्यंत ९३ वस्तू. थोरलीने रेघा मारून मोजल्या. खर्च दोरा, सुया, चेन मिळून ६१०. त्या आजीबाई जाताना माझ्या पाया पडायला वाकल्या, मीच खाली बसले. उरलेले ११३० आज आबांच्या दिंडीच्या वर्गणीत घातले.

२१ जुलै, सोमवार. एकादशी

आषाढीला आबा पंढरपुरात होते, म्हणून त्या दिवशी वही उघडली नाही. आज दोन्ही पंधरवडे एकदम लिहिले. भिशीचा माझा नंबर लागला, १५,०००. सगळे दादाला दिले. त्याचे आता १०,००० उरले. आबांचा गुडघा सुजलाय.

५ ऑगस्ट, मंगळवार. एकादशी

बचत गटाचं कर्ज संपलं. गटाच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी नाव खोडताना तीन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कसं केलं. खरं ते सांगितलं : पाटल्या मोडल्या. एकीने लगेच विषय बदलला. एक जण रविवारी वही बघायला येणार आहे. फोनचा शेवटचा हप्ता या महिन्यात.

३ सप्टेंबर, बुधवार. एकादशी

हरिपाठ संपला. वही उघडायच्या आधीच हे म्हणाले, "माझं आधी लिहा."

गणपतीच्या आरासीसाठी दिव्यांच्या माळा आणि मखर यांनी ३,२०० ला घेतलं. ते फोनवरच्या "आत्ता घ्या, नंतर भरा" वर. मला म्हणाले होते मित्राकडून आणलंय. मुलं समोर बसलेली. यांचा आवाज फुटत होता, तरी थांबले नाहीत. दुकानात सगळे घेत होते, पाकिटात ७०० होते, आणि बोट आपसूक दाबलं गेलं, एवढंच सांगितलं.

माझ्या तोंडावर खूप शब्द आले. पाटल्यांचाही आला. पण वही उघडली की आवाज चढवायचा नाही, हा नियम. मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिले. परत आले तेव्हा आबा यांच्याशी बोलत होते. "मार्चमध्ये बँकवाल्याने सांगितलं म्हणून कळलं. आज तू सांगितलंस. आठ दिवसांत सांगितलंस." मग माझ्याकडे बघून, "पण सूनबाई, तुला राग आला तर तो खरा आहे. तो लिही वहीत." म्हणून लिहितेय. मला राग आलाय. आणि हे स्वतः बोलले, हेही मी बघितलंय. दोन्ही.

अडीनडीतून ३,२०० काढून आजच भरले, खातं काढून टाकलं. पुढच्या दोन महिन्यांत हे डबल शिफ्टच्या पैशातून पाकीट भरून काढतील.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी

धाकट्याला डेंग्यू. तीन रात्री रुग्णालयात काढल्या. यांच्या कंपनीच्या विम्यातून बिल परस्पर गेलं, पण हातमोजे, सिरिंज, नोंदणी शुल्क असं धरून ७,४०० आम्हाला भरावे लागले. अडीनडीत ८,१०० होते. पुरले. ७०० उरले. काउंटरवर रोख मोजताना हे माझ्याकडे बघत होते. २०२३ साली आम्ही अशाच काउंटरवर कर्जाच्या फॉर्मवर सह्या करत होतो.

प्लेटलेट्स वाढतायत. आज वही एवढीच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. एकादशी

२२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. काल दसऱ्याला यांच्या कंपनीतल्या चौघांनी नव्या गाड्या काढल्या. आमची चौदा वर्षं जुनी आहे. हिला हार घातला, साखळी आणि ब्रेक लायनर बदलले, ६८० रुपये.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. एकादशी

सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे गेलंय. शेजारच्या वहिनी आज म्हणाल्या, "थोडं थांबला असतात तर." हे मनाला लागलं, म्हणून मी हिशोब मांडला, लपवायचा नाही म्हणून वहीतच मांडला.

पाटल्या आज मोडल्या असत्या तर दोन तोळ्यांमागे साधारण ५८,००० जास्त आले असते. मधल्या साडेपाच महिन्यांत कार्डाचं व्याज-कर १७,००० आणि तारणाचं व्याज ५,००० गेलं असतं. म्हणजे ३६,००० च्या आसपास कमी मिळाले. आकडा खरा आहे. पण मे महिन्यात भाव कुठे जाणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कर्ज ठेवून सोन्याच्या भावावर बसणं हा माझ्यासारखीचा व्यवहार नाही. कार्ड चालू असतं तर गणपतीत ३,२०० वर थांबलं असतं का, हेही मला माहीत आहे. यांना हिशोब दाखवला. हे म्हणाले, तुझ्या पाटल्या पुन्हा करू. मी म्हटलं, आधी दादाचे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दादा आला. ओवाळणीत १,००१ टाकले. मी आतून पाकीट आणून २,००० त्याच्या हातात ठेवले. तो म्हणाला, ओवाळणीतून वळते कर ना. म्हटलं नाही, ओवाळणी माझी आहे, हप्ता तुझा आहे. त्याने मोजून घेतले. मोजून घेतले म्हणून मला बरं वाटलं. उरले ८,०००.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी

गुडघ्यामुळे आबा या वेळी पंढरपूरला गेले नाहीत. टीव्हीवर महापूजा बघितली, मग हरिपाठ, मग वही.

दिवाळीचा बोनस २४,००० आला होता. त्यातले २०,००० मोठ्या कर्जात आगाऊ भरले. यासाठी मंजुरीपत्र पहिल्यांदा नीट वाचलं. स्थिर व्याजाचं कर्ज, आगाऊ भरण्यावर ४ टक्के आणि वर जीएसटी, म्हणजे ९४४ गेले. शाखेतल्या माणसाने सांगितलं, हप्ता कमी करून घ्या, महिन्याला सुटसुटीत होईल. यांनी सांगितलं, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. जवळपास चार हप्ते कमी होतायत. त्याच पत्रात असंही सापडलं की २०२३ ला कर्ज देतानाच विम्याचे आणि प्रक्रियेचे पैसे आधी कापले होते आणि आमच्या हातात ३ लाख कधी आलेच नव्हते. तो विमा अजून चालू आहे का ते लेखी विचारलंय. उत्तर आलं की लिहीन.

आज बाकी : मोठं कर्ज १,४९,५००. दादाचे ८,०००. बाकी काही नाही. अडीनडीत ६,५००. विठोबाचं पाकीट आळंदीच्या यात्रेपर्यंत राखून ठेवलंय, त्या दिवशी मशीन पुन्हा रस्त्यावर मांडायचंय, अठरा नंबरच्या सुया जास्त आणायच्या आहेत.

वही मिटताना आबांनी थोरलीला थांबवलं. आतून चहापत्तीचा जुना डबा आणला. एप्रिलपासून दर महिन्याला पेन्शनीतले १५० ते त्यात टाकतायत, आम्हाला माहीत नव्हतं. "हे पण वहीत आलं पाहिजे," म्हणाले, "नाहीतर माझंच लपवलेलं राहील." धाकट्याने जमिनीवर ओतून मोजलं. सगळ्या दहा-दहाच्या नोटा आणि नाणी, १,०५० भरले.

थोरलीने नवं पान घेतलं. वर लिहिलं, "पंगत २१,०००." खाली, "जमा १,०५०." मग तारखेच्या रकान्यावर पेन टेकवून आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "तो मोकळा ठेव."